नातीच्या डाव्या कानाला 'रेफर' आलंय. सव्वा महिना थांबलं तर चालेल का?

एक्स्चेंजवाली आजी, इंदूर

नमस्कार मंडळी. लेक पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली आहे. रंगपंचमीच्या थोडं आधी सिझेरियन झालं. मुलगी आहे, वजन छान, जन्मल्याबरोबर रडली, काचेच्या पेटीत ठेवायची वेळ आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एक पोरगी हातात मावेल एवढं यंत्र घेऊन आली, बाळाच्या कानात रबराची बोंडी घातली आणि स्क्रीनकडे बघत बसली. उजवा कान 'पास', डावा 'रेफर'. तेव्हा खोलीत जुना एसी घरघरत होता, सासरची मंडळी बाळ बघायला आलेली, आणि शेजारच्या पलंगावरच्या बाईंच्या मोबाइलवर भजनं चाललेली. डिस्चार्जच्या कागदावर 'दोन आठवड्यांनी ओएई परत करा' (ओएई म्हणजे हीच बोंडीवाली चाचणी) एवढं लिहून दिलं. का, कशासाठी, कोणी बोललं नाही.

आता घरात प्रत्येकाचं मत वेगळं. जावईबापू पुण्याला असतात. ते फोनवर म्हणतात, एक कान पास आहे ना, मग पुण्याला आल्यावर सावकाश बघू. लेक पुण्याला जाणार तीन महिन्यांनी. विहीणबाई देवासच्या. त्यांच्याकडे सव्वा महिना बाळ उंबऱ्याबाहेर काढत नाहीत, आणि त्यांच्या घरात म्हणे सगळीच मुलं उशिरा बोलतात. मालिशवाली म्हणाली, कानात कोमट तेल सोडते, सगळं मोकळं होईल. मी तिचा हात धरला. आमच्या ह्यांनी स्वयंपाकघरातून परात आणून पाळण्यामागे वाजवली, बाळ दचकलं, आणि ह्यांनी निकाल जाहीर केला.

पण आमचं घर मल्हारगंजात. टोरी कॉर्नरची गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, निघते तेव्हा डीजेने खिडक्यांची तावदानं थरथरतात. त्या दिवशी हीच बाई ढाराढूर झोपली होती. आणि रोज सकाळी कचरागाडीचं गाणं लागलं की टक्क डोळे उघडते! मग परातीचं खरं मानू, गेरचं की कचरागाडीचं?

मी टेलिफोन खात्यात ट्रंक बोर्डावर होते, बाहेरगावचे कॉल जोडायला. एका कानाला हेडसेट, दुसरा मोकळा. एक कान 'मुंबई बोला, मुंबई बोला' मध्ये अडकलेला असला की सुपरवायझर बाईंनी मारलेली हाक कुठून आली ते कळायचं नाही, आम्ही भलत्याच बाजूला बघायचो. त्यामुळे 'एक कान पुरतो' हे काही मला पटत नाही. पण घरात मी एकटी पडले आहे. कोणाला माहिती असेल तर सांगा: रेफर म्हणजे नक्की काय? आणि सव्वा महिना थांबलं तर बिघडतं का?

रामबागचा भिया

आजी, टेन्शन नका घेऊ. आमच्या पोराला दोन्ही कानांना रेफर आलं होतं. बायको रात्रभर रडली. तीन आठवड्यांनी परत केलं, दोन्ही पास. आता पाचवीत आहे आणि सांगितलेलं एक ऐकत नाही, पण त्याला यंत्राचा इलाज नाही. टेस्ट मात्र परत केलीच पाहिजे. आमचे डॉक्टर म्हणाले होते, रेफर म्हणजे नापास नव्हे, पुन्हा या.

स्पष्टवक्ता_उज्जैन

ह्या सगळ्या नव्या तपासण्या म्हणजे धंदा आहे. आमच्या आईने थाळी वाजवून पाच मुलं तपासली, पाचही ठणठणीत. बाळ दचकलं म्हणजे ऐकू येतं, विषय संपला. जन्मल्या जन्मल्या कानात यंत्र खुपसायची गरज काय?

ऑडिओ_वडोदरा

आजी, मी वडोदऱ्यात ऑडिओलॉजिस्ट आहे. कानाची डॉक्टर नाही, तेव्हा औषध विचारू नका. पण तुमचा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. आधी उत्तर देते: सव्वा महिना थांबू नका, कागदावर लिहिलंय त्या आठवड्यातच जा.

आता कारण. आतल्या कानात शंखासारखा वळलेला कॉक्लिआ असतो आणि त्यात केसपेशींच्या रांगा असतात. आवाज आला की बाहेरच्या रांगांतल्या पेशी स्वतः हलतात आणि त्या हालचालीचा अगदी क्षीण आवाज उलटा बाहेर येतो. डेव्हिड केम्प यांनी 1978 मध्ये लंडनमध्ये तो मोजून दाखवला, त्यावर ही चाचणी उभी आहे. तुम्ही पाहिलेल्या बोंडीत एक बारीक स्पीकर आणि एक मायक्रोफोन असतो. यंत्र टकटक पाठवतं आणि कानातून परत काही येतं का ते शोधतं. बाळाला दुखत नाही, काही करावंही लागत नाही. झोपलेलं असलं तर उत्तमच.

पण तो परतीचा आवाज इतका बारीक असतो की वाटेत काहीही आलं तरी हरवतो. पहिल्या एक-दोन दिवसांत कानाच्या नळीत जन्माच्या वेळचा पांढरा चिकट थर असतो, पडद्यामागे पाणी असतं. सिझेरियनच्या बाळांची चाचणी लवकर केली तर रेफर जास्त येतात. त्यात तुमच्या खोलीतला एसी, पाहुणे आणि भजनं! जन्मतः कायमचा श्रवणदोष साधारण हजारात 1 ते 3 बाळांना असतो (अतिदक्षता कक्षात राहिलेल्यांमध्ये याच्या कितीतरी पट). पहिल्या फेरीत रेफर येणारी बाळं यापेक्षा खूप जास्त असतात. म्हणजे त्यातली बहुतेक पुढे पास होतात. रामबागच्या भियांचा मुलगा त्यातलाच.

आता परात. उज्जैनच्या दादांनाही हे उत्तर समजा. परात वाजली की आवाज दोन्ही कानांत जातो. नातीचा उजवा कान चांगला आहे, ती दचकणारच. डाव्याबद्दल परातीने काहीच सांगितलेलं नाही. दोन्ही कानांत मध्यम दोष असलेलं बाळसुद्धा परातीला दचकतं. घरातलं साधं बोलणं 60 डेसिबलच्या आसपास असतं, परात त्याच्या खूप वर. अशा बाळाला 'आ', 'ओ' ऐकू येतात, म्हणून ते हाकेला वळतं, पण स, फ, थ ही बारीक व्यंजनं पोचत नाहीत. घरच्यांना वाटतं सगळं ठीक आहे. मग दोन-अडीच वर्षांनी 'बोलत नाही हो अजून' म्हणून माझ्याकडे येतात. आणि गाढ झोपेतलं बाळ डीजेला उठत नाही यावरूनही काही ठरत नाही, तेव्हा गेरची काळजी सोडा.

वेळेचा हिशेब असा: पहिली चाचणी 1 महिन्याच्या आत, पक्कं निदान 3 महिन्यांच्या आत, आणि दोष असेल तर श्रवणयंत्र किंवा इतर उपाय 6 महिन्यांच्या आत सुरू. जगभर हाच नेम धरतात. जावई म्हणतात तसं तीन महिन्यांनी पुण्याला पहिली पायरी चढलात तर निदानाची मुदत तिथेच संपते.

आणखी एक, जे सहसा कोणी सांगत नाही. दुसऱ्यांदाही रेफर आलं तर बालरोगतज्ज्ञांना सीएमव्ही या विषाणूबद्दल विचारा. आईच्या पोटात असताना त्याची लागण झाली तर पुष्कळदा बाळ वरून अगदी निरोगी दिसतं आणि दोष फक्त कानात उतरतो, कधी एकाच कानात, कधी महिन्यांनी वाढत जाणारा. तो जन्माआधीचा की नंतरचा हे नीट सांगायचं तर लाळ किंवा लघवी जन्मापासून 3 आठवड्यांच्या आत तपासावी लागते. सव्वा महिना त्याच्या पलीकडे जातो.

तेल नकोच. मालिशवालीचा हात धरलात ते फार बरं केलंत.

एक्स्चेंजवाली आजी, इंदूर

ताई, किती नीट सांगितलंत. ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. परात फडताळात परत गेली.

उज्जैनच्या भाऊंना: तुमच्या आईंनी पाच मुलं तपासली आणि पाचही चांगली निघाली, म्हणजे थाळीने काही शोधलं असं होत नाही. आमच्या बोर्डावर लाइन चालू असली तरी पलीकडचा माणूस 'हॅलो' म्हणेपर्यंत आम्ही कॉल जोडला असं लिहीत नव्हतो.

विहीणबाईंशी बोलले. सव्वा महिन्याचं म्हटलं तर लसीकरणाला बाळ बाहेर नेतोच की नाही, असं विचारलं. त्यावर त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, दृष्ट काढून न्या. काढू. त्याने कानाला काही होत नाही ना?

लष्करवाला बाबा, ग्वाल्हेर

वाचत होतो. लिहू की नको करत होतो, पण उज्जैनच्या साहेबांचं वाचून लिहावंसं वाटलं.

माझी मुलगी जन्मली तिथे हे यंत्र नव्हतं. कोणी तपासलं नाही, आम्हाला असं काही असतं हेही माहीत नव्हतं. पाच-सहा महिन्यांची असताना ती 'ब्बा ब्बा' करायची, जोरात हसायची. बहिरं बाळही सुरुवातीला असे आवाज काढतं, हे नंतर कळलं. मी संध्याकाळी दार उघडलं की वळून बघायची. ते दार पश्चिमेचं. ती उजेडाला वळत होती. लाकडी माळ्यावर कोणी चाललं की वर बघायची, कारण पाळणा त्याच माळ्याच्या कडीला टांगलेला, हादरा खाली यायचा. माझ्या वडिलांनी तिच्या मागे टाळ्या वाजवल्या तेव्हा वारा लागला म्हणून वळली. सगळ्या परीक्षांत ती पास होत गेली. पावणेदोन वर्षांची झाली तरी एक शब्द नाही. मग बेरा केली, म्हणजे आवाज कानाच्या नसेतून मेंदूकडे पोचतो का ते मोजणारी चाचणी. दोन्ही कान, तीव्र दोष. घराण्यात कोणी बहिरं नाही, आमच्या दोघांकडेही नाही. डॉक्टर म्हणाले, अशा मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त ऐकू येणाऱ्या आईबापांच्याच पोटी जन्मतात.

आधी दोन्ही कानांना श्रवणयंत्रं लावली, त्याने भागलं नाही, मग कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायचं यंत्र. खर्च लाखांत. केंद्राची एडिप योजना (दिव्यांगांना उपकरणांसाठी मदत देणारी) आहे, मध्य प्रदेशात मुख्यमंत्री बाल श्रवण योजना आहे. कागद वेळेवर केले तर मदत होते, पण वयाची अट असते, आणि उशिरा कळलेल्या मुलांची तिथेच धावपळ होते. लोकांना वाटतं ऑपरेशन म्हणजे सगळं. खरं काम नंतर आहे. ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी यंत्र चालू करतात, त्या दिवशी पोर घाबरून रडते, कारण आवाज म्हणजे काय हेच तिला माहीत नसतं. मग महिनोन्‌महिने थेरपी. कुकरची शिट्टी, रिक्षा, पाणी, कबुतर, एकेक आवाज ओळखायला शिकवायचा.

थेरपीच्या वर्गात तिच्याच वयाचा एक मुलगा येतो. त्याचा दोष तसाच. पण तो जन्मला तिथे चाचणी झाली, सहा महिन्यांच्या आत यंत्रं लागली, वर्षाच्या आसपास इम्प्लांट. तो वाक्यं बोलतो, भांडतो, चिडवतो. माझी मुलगीही बोलते आता, पण दोन शब्द जोडायला तिला जेवढा घाम गाळावा लागतो तेवढा त्याला लागत नाही. दोघांत फरक फक्त कळण्याच्या तारखेचा आहे.

ताईंना एक विचारायचं होतं. इथली थेरपी हिंदीत होते. घरी आम्ही मराठी. आम्हाला सांगितलं, घरीही हिंदीच बोला, दोन भाषांनी गोंधळेल. तिची आजी ग्वाल्हेरातच जन्मली तरी नातीशी हिंदी बोलताना तिची जीभ अडखळते. ती हल्ली तिच्याशी कमी बोलते. बरोबर आहे का हे?

ऑडिओ_वडोदरा

दादा, आजीला सांगा, मनसोक्त मराठी बोला. दोन भाषांनी श्रवणदोष असलेलं मूल गोंधळतं हा जुना सल्ला आहे, आता तो देत नाहीत. मुलाला हवं असतं भरपूर, सहज, चुका न शोधता बोललेलं बोलणं, आणि ते माणूस स्वतःच्याच भाषेत बोलतं. थेरपीत 'पानी' आणि घरी 'पाणी', काही बिघडत नाही. आमच्याकडे दांडिया बाजारातली मुलं मराठी, गुजराती, हिंदी तिन्ही घेऊन येतात. गप्प बसलेल्या आजीमुळे मात्र नुकसान नक्की होतं. तुमच्या थेरपिस्टशी यावर बोला. घरी काय बोललं जातं ते त्यांना कळलं तर त्या धडेही तसे आखतील.

सरकारी बाजूचं थोडं सांगते, कारण 'धंदा' हा शब्द आला. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणा तपासायच्या दोषांच्या यादीत आहे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी त्यासाठी डीईआयसी म्हणून केंद्रं केलेली आहेत, तिथे पैसे लागत नाहीत. यंत्र चालू आहे का आणि माणूस जागेवर आहे का ते मात्र फोन करून विचारून जा. हे मी अनुभवाने सांगते.

आजी, दृष्ट खुशाल काढा. मीठ-मोहरीचा धूर बाळाच्या नाकाशी नको, एवढंच.

एक्स्चेंजवाली आजी, इंदूर

कळवायचं राहिलं होतं. दिलेल्या वेळेला जाऊन आलो. या वेळी वेगळी शांत खोली होती, बाळाला तिथेच पाजलं, झोपलं. उजवा पास. डावा परत रेफर. त्या मुलीने बोंडी बदलून, कान जरा मागे ओढून पुन्हा करून पाहिलं, तरी तेच.

लेक रडली. मी नाही रडले, मला राग आला, कोणाचा ते माहीत नाही. बालरोगतज्ज्ञांना ताईंनी सांगितलेलं सीएमव्हीचं विचारलं. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, चांगला प्रश्न. लाळेचा नमुना त्याच दिवशी पाठवला, तीन आठवडे व्हायच्या आत बसलं. आणि बेरा लिहून दिली.

बारसंही झालं. आत्याने कानात कुर्र करायच्या वेळी बायकांत चर्चा, कुठल्या कानात करायचं! विहीणबाईंनीच सांगितलं, दोन्हीत कर. माझं त्यांच्याबद्दलचं मत जरा बदललं आहे.

आता जावई म्हणतात, बेरा पुण्यातच करू, तिथे मोठी हॉस्पिटलं. आणि लेकीला भीती, बेरासाठी बाळाला गुंगीचं औषध देतात. काय करावं?

लष्करवाला बाबा, ग्वाल्हेर

आजी, आमच्या मुलीला गुंगी द्यावी लागली होती कारण ती मोठी होती, एका जागी राहीना. तुमचं बाळ लहान आहे, हाच फायदा.

ऑडिओ_वडोदरा

दादांनी बरोबर सांगितलं. तीन महिन्यांच्या आतलं बाळ पाजलं की साध्या झोपेत बेरा होते. म्हणूनही पुण्याची वाट बघू नका, उशीर झाला तर बाळ जागं राहायला लागतं. जावईबापूंना सांगा, इंदुरात करून रिपोर्ट घेऊन या, पुढचं सगळं पुण्यात करा. नुसता निष्कर्षाचा कागद नको, आलेखांची पानंही मागून घ्या. पुण्यातल्या ऑडिओलॉजिस्टला तेच बघायचं असतं.

बेरात काय होतं: कपाळावर आणि कानांमागे छोटे इलेक्ट्रोड चिकटवतात, कानात आवाज देतात, आणि तो कानाच्या नसेतून मेंदूच्या देठापर्यंत पोचतो का, कितव्या डेसिबलला पोचतो, हे मोजतात. ओएई फक्त कॉक्लिआपर्यंतचं सांगते, ही पुढचा रस्ताही तपासते. जाताना दोन गोष्टी विचारा. एक, वेगवेगळ्या स्वरांना, म्हणजे जाड आणि बारीक आवाजांना, वेगवेगळी पातळी काढणार का? नुसत्या 'क्लिक'वर थांबलात तर अर्धीच माहिती मिळते. दोन, पडद्यामागे अजून पाणी आहे का ते बघायला टिंपॅनोमेट्री 1000 हर्ट्झवर करणार का? इतक्या लहान बाळांत मोठ्यांची नेहमीची 226 हर्ट्झची पद्धत फसवते. पाणीच निघालं तर ते उतरल्यावर परत बघता येईल आणि तुमचा राग वाया जाईल, तसंच होवो.

दोष कायमचा निघाला तर एका कानाचाच असल्याने भाषा येईल, बोलेल. पण गोंगाटात आणि आवाज कुठून आला हे ओळखण्यात अडचण येते. ते तुम्ही ट्रंक बोर्डावर बसून आधीच सांगितलं आहे. किती दोष आहे त्यावरून श्रवणयंत्राचं ठरवतात, आणि चांगल्या कानाची तपासणी ठराविक काळाने करत राहावी लागते, लाळेचा रिपोर्ट सीएमव्हीचा आला तर जास्तच नेमाने.

तारीख सकाळची मिळाली तर त्या दिवशी जाईपर्यंत बाळाला फार झोपू देऊ नका, भुकेलं न्या, तिथे पाजा. आणि मालिशवालीला त्या दिवशी सुट्टी द्या. तेलकट कातडीवर इलेक्ट्रोड बसत नाहीत, कपाळावरची तीटही पुसूनच न्या. दृष्टीचं काय करायचं ते विहीणबाईंना विचारा, तळपायाला लावता येते असं आमच्याकडच्या बायका म्हणतात.